शंभर टक्के कमिशन

चहा आधी पिऊन घ्या. मी सांगायला लागलो की तुमचा चहा थंड होणार, मंग तुमी मला शिव्या देणार, अन् ह्या मामल्यात मी शिव्या आधीच पोटभर खाल्ल्यात. गाढवपणा माझा हाय, सांगणारा बी मीच हाय. तवा मधी कुणी शाणपणा करायचा न्हाई.

एक शब्द हाय. रोजच्या वापरातला. तुमी बी वापरता, मी बी वापरतो. त्या एका शब्दापायी मी सख्ख्या भाचीचं जुळत आलेलं लग्न मोडलं अन् वरून छाती काढून घरी आलो. कोणता शब्द? सांगतो की. एवढी काय घाई हाय? घाई करायचा ठेका माझ्याकडं हाय.

तर आमचं घर वालूरला. घरात माझी मोठी बहीण, आक्का. दाजी गेले तवापासून ती अन् तिची पोरगी मनीषा आमच्याकडंच. मनीषाला आमी मनी म्हणतो. पोरगी लय हुशार, परभणीला राहून वकिली शिकली. मी सातवीतून शाळा सोडली. सोडली म्हंजे काय, मास्तर एक बोलला, मी दोन बोललो. तवा एका घरात एक वकील अन् एक आरोपी, असा आमचा संसार.

माझ्यात एक गुण हाय. समोरच्याचं वाक्य आर्धं झालं की मला पुढचं सगळं समजतंय. लय दिवस मला वाटायचं, ही देवाची देणगी हाय. आक्का म्हणती, "सुदाम, तू ऐकत न्हाईस. तू नुसता तुझी पाळी कवा येती त्याची वाट बघतूस."

एक दिवस मी अंगणात फवारणीचा पंप खोलून बसलो होतो. नोझल काय केल्या बसंना. दोन बार हातानं बसवलं, तिसऱ्या बारी दगडानं. डोकं तापलेलं. तेवढ्यात रंगनाथआप्पा आले. आप्पा म्हंजे आमच्या भागात सोयरिका जुळवणारा माणूस. ह्या घरचा चहा पिऊन त्या घरी बातमी सांगायची, अन् त्या घरचा चहा पिऊन ह्या घरी.

"सुदामराव, मनीसाठी स्थळ आणलंय. जिंतूरचं. बाप रिटायर गुरुजी. पोरगं युरोपात हाय, सुट्टीला आलंय. आक्काच्या कानावर घातलंय, मनीचं अन् त्याचं फोनवर बोलणं बी झालंय."

"काय करतंय तिथं?"

"लय मोठं काम हाय."

"मोठं म्हंजे? जहाजावर हाय का?"

"आवं, तिकडं बऱ्याच देशांनी मिळून एक युनियन काढलंय."

"मोंढ्यात हमालांचं असतंय तसं?"

"तसंच समजा. सगळे देश त्याचे मेंबर. अन् त्या युनियनचं कमिशन असतंय. पोरगं त्या कमिशनसाठी काम करतंय."

माझ्या हातातला दगड हातातच राहिला. हाच त्यो शब्द. कमिशन.

आता तुमीच सांगा. आपल्याकडं कमिशनचा अर्थ काय? मानवतच्या मोंढ्यात कापूस नेला की आडत्याचं कमिशन. प्लॉट इकला की दलालाचं कमिशन. नाली झाली की ठेकेदार म्हणतो, निम्मी नाली कमिशनमधीच गेली. दुसरा कोणता अर्थ तुमाला म्हाईत हाय का? असंल तर हात वर करा. बघा, एक बी हात न्हाई.

मी म्हणलं, "आप्पा, कमिशनसाठी म्हंजे? कामधंदा काय?"

"मायग्रेशनचं काम हाय. मी बी गुरुजींना इचारलं, म्हंजे काय. ते म्हणले, माणसं पोटापाण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जायलीत. तर कुणी जायचं, किती जायचं, कसं जायचं, त्याचे नियम असतेत. पोरगं ते बघतंय."

झालं. मला सगळं समजलं. देणगी हाय ना.

दसरा झाला की आमच्या भागातून कोयतेवाले ऊस तोडायला जातेत. त्यांना गोळा करायचं, उचल द्यायची, ट्रकमधी भरायचं अन् कारखान्यावर नेऊन सोडायचं, हे काम करणारा माणूस म्हंजे मुकादम. त्याला पगार न्हाई. त्याला कमिशन. मी जवानपणी स्वतः दोन सीझन कोयता धरलाय. दुसऱ्या सीझनला मुकादमाशी वाजलं अन् मी फडातून पळून आलो. त्या माणसाची आठवण निघाली तर आज बी माझ्या तोंडाला फेस येतोय. अन् आप्पा माझ्याच अंगणात बसून, माझाच चहा पिऊन, मला मुकादमाचं स्थळ सांगायले. ते बी परदेशी मुकादमाचं.

 पोटात ठेवलं. ठेवलं असं मी म्हणतो. आक्का म्हणती, माझं तोंड बघून वसरीवर झोपलेलं कुत्रं उठून शेजारच्याकडं गेलं.

आप्पा गेल्यावर मी सरळ मनीकडं गेलो. ती कपड्याला इस्त्री करायली होती.

"मनी, त्यो जिंतूरचा पोरगा काय करतो गं?"

"ऋषिकेश? लीगल मायग्रेशनवर काम करतात, मामा."

"लीगल म्हंजे कायद्याचं?"

"हां."

"म्हंजे बिनकायद्याचं बी असतंय?"

"असतंय की. त्याच्यावर बी तेच काम करतात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

अन् हे सांगताना पोरगी हसायली. वकील झालेली पोरगी, बिनकायद्याचं नाव काढून लाजायली. माझ्या पायाखालची फरशी सरकली.

"अन् तुला हे चालतंय?"

"चालतंय म्हंजे? मला तर लय आवडलं. लग्न झालं की मी बी तिकडं जाऊन त्याच्यातच पुढं शिकणार हाय."

म्हंजे एका घरात दोन मुकादम. नवरा ट्रकच्या पुढं, बायको ट्रकच्या मागं.

मनीनं माझं तोंड बघितलं अन् इस्त्री उभी ठेवली. "मामा, तुमाला नीट सांगते. कमिशन म्हंजे..."

"कमिशन म्हंजे काय ते मला शिकवू नको. तुझ्या जन्माआधीपासून देतोय मी कमिशन."

बघा, तिथंच लेकरू मला सांगायलं होतं. एक मिनिट गप बसलो असतो तर आज तुमाला सांगायला माझ्याकडं काय नसतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवंना. शेताकडं निघालो की आर्ध्या रस्त्यातून माघारी यायचो. माघारी आलो की कामून आलो ते आठवंना, मंग परत निघायचो. जेवताना उठून उभा राहायचो. आक्का म्हणली, "तुला मुंग्या चावायल्यात का?" मी म्हणलं, "मला न्हाई, मनीला चावणार हायेत." तिला काय कळालं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. म्हणलं, समोरासमोरच निकाल लावू. अन् अडचण अशी की, मनीला पोरगा खरंच आवडला होता. ह्याआधी आलेल्या स्थळांना तिनं जेवणातल्या खड्यासारखं बाजूला काढलं होतं. हिथं मात्र पोरगी दिवसभर गुणगुणायली. मी जेवढा तापायचो तेवढी ती गुणगुणायची.

आमच्यात पोरगी द्यायच्या आधी पोराचं घर बघून यायची पद्धत हाय. ठरल्याप्रमाणं जिंतूरला जायचं निघालं. आप्पा एसटीनं पुढं गेले. मी मोटारसायकल काढली, आक्का मागं बसली. आक्का काडीसारखी बारीक हाय. मागं बसली काय अन् न बसली काय, गाडीला पत्ता लागत न्हाई. हे ध्यानात ठेवू नका, पुढं आपोआप कळंल.

निघताना तिनं एकच सांगितलं. "सुदाम, रुषीची सुट्टी थोडी राहिलीय. आज बोलणी झाली तर ठीक, न्हाईतर पोरगा गेला अन् सोयरीक बी गेली. आज तुझं तोंड म्हंजे मनीचं नशीब हाय."

"तोंडाची फिकीर करू नको," मी म्हणलं.

गुरुजींचं घर साधं, पण टापटीप. भिंतीला पुस्तकांचं कपाट. गुरुजी शांत माणूस, शब्द तोलून बोलणारा. अशा माणसांची मला आधीच भीती वाटती. रुषी आला, पाया पडला. चष्मेवाला, वाळकं पोरगं. मुकादमासारखं दिसंना. मुकादमाला पोट पाहिजे, बोटात अंगठ्या पाहिजेत, बोलताना तोंडात तंबाखू पाहिजे. मी मनात म्हणलं, हे त्यांच्याहून डेंजर हाय. ह्याचं पोट आत हाय.

चहा आला. मी कपाला हात लावला न्हाई.

"रुषी, पगार कोण देतंय तुमाला?"

"मामा, नोकरी विद्यापीठात आहे. पण आमच्या प्रोजेक्टचा पैसा कमिशनचा."

"किती टक्के?"

त्याला वाटलं, मामाला लय माहिती हाय. एकदम खूश झालं पोरगं. "बहुतेक ठिकाणी थोडा पैसा विद्यापीठ घालतं. पण आमच्या प्रोजेक्टला शंभर टक्के कमिशन."

शंभर टक्के. मी आडते बघितले, दलाल बघितले, मुकादम बघितले. शेकड्याला दोन म्हणणारे बघितले, वीस म्हणणारे बघितले. शंभरला शंभर घेणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघायलो होतो, अन् त्यो माझ्यापुढं शेव खायला होता.

"अन् तिथली सरकारं काय बोलत न्हाईत?"

"बोलतात की. पण कमिशनपुढं फार चालत नाही. कोणत्या देशानं किती खर्च करायचा, किती कर्ज काढायचं, याला हद्द घातलेली आहे. वर्षाचं बजेट आधी कमिशनला दाखवावं लागतं."

"म्हंजे आपल्यासारखंच."

"नाही मामा, आपल्यासारखं नाही. तिथं लपूनछपून नसतं. कमिशननं काय केलं, कुणाला काय म्हटलं, सगळं जाहीर करतात. कुणीही वाचू शकतं."

"जाहीर?"

"हो, इंटरनेटवर टाकतात."

मी आक्काकडं बघितलं. आक्का शेव खायली होती. तिला काय त्याचं.

"अन् मेंबर?"

"प्रत्येक मेंबर देशाचा एक माणूस कमिशनमध्ये असतो. मोठा देश असो की लहान, एकाचा एकच."

"म्हंजे सगळ्याला सारखं. कुणी रुसायला नको."

"अगदी बरोबर," रुषी म्हणला. "मामा, तुम्ही किती पटकन पकडता."

गुरुजींनी बी मान डोलवली. आप्पा माझ्याकडं बघून हसायले, असं की बघा, माणूस कसा निवडून आणला. अन् माझ्या डोक्यात रक्त चढायलं होतं.

"बरं. समजा एकाद्या देशानं कमिशनचं न्हाई ऐकलं तर?"

"आधी नोटीस देतात. तरी नाही ऐकलं तर कमिशन त्या देशाला कोर्टात खेचतं."

"कोर्टात. अन् माणसांचं काय? समजा, तुमचा माणूस एका देशात उतरला अन् तिथून दुसऱ्या देशात पळाला."

"आश्रय मागणारा माणूस असेल तर पुष्कळदा त्याला परत पहिल्या देशात पाठवतात. नियमच तसा आहे. खरं सांगू का मामा, मी त्याच नियमावर..."

"पळालेल्याला धरून आणता?"

"हो, पण माझं म्हणणं असं आहे की..."

त्याचं म्हणणं काय होतं ते मला लय उशिरा कळालं. त्यो नियम माणसांवर कसा अन्याय करतो, हेच पोरगं लिहीत होतं. पण वाक्य आर्धं झालं होतं. आर्ध्या वाक्यावर मला सगळं समजतंय.

मी उठलो.

"गुरुजी," म्हणलं, "पोरानं लाज सोडली ती सोडली, तुमी बी सोडली? शंभर टक्के खातंय, वरून इंटरनेटवर टाकतंय. मेंबरांना वाटा देतंय, सरकारला दम देतंय. पोटापायी पळालेली माणसं धरून माघारी धाडतंय, अन् कुणी न्हाई म्हणलं तर कोर्टात खेचतंय. अन् तुमी गुरुजी म्हणवून घेता? अहो, मी स्वतः फडातून पळालेला माणूस हाय. माझी भाची मी बिनलग्नाची घरी ठेवीन, पण मुकादमाच्या उंबऱ्यात पाय ठेवू देणार न्हाई."

गुरुजींचा चष्मा नाकावर आला. "मुकादम? कोण मुकादम?"

"ते तुमच्या पोराला इचारा."

रुषीच्या हातात शेव तशीच. आप्पा असे बसले होते जसं एसटीत कुणी त्यांचा खिसा कापलाय. मी म्हणलं, "आक्का, चल." अन् बाहेर येऊन गाडीला किक मारली.

सगळ्या रस्त्यानं मी आक्काला समजावून सांगायलो. मुकादम कसे असतेत, मनीला कशातून वाचवलं, उद्या ती कशी माझे पाय धरंल. आक्का काय उलटून बोलंना. म्हणलं, जन्मात पहिल्यांदा हिला माझं पटलंय. मी आणखी जोरात सांगायला लागलो. एका बैलगाडीवाल्यानं तर वळून बघितलं.

घरी आलो. मनी दारातच उभी, हातात फोन. डोळे लाल.

"मामा, आई कुठं हाय?"

मी मागं बघितलं.

तुमाला सांगतो, रिकामं सीट बघून माणसाला किती एकटं वाटतंय, ते त्या दिवशी कळालं. आक्का जिंतूरलाच. मी तिला चल म्हणलं, ती चप्पल शोधायली, अन् मी किक मारून निघालो. सगळ्या रस्त्यानं मी हवेला अक्कल शिकवली होती.

मनी म्हणली, "बसा." आवाज असा, की मी बसलो. "रुषीचा फोन आला होता. तुमी त्यांना मुकादम म्हणलात?"

"म्हंजे काय म्हणू? कमिशनवर..."

"मामा, आता मी बोलते. आपल्या शेजारचे मास्तर हायेत ना, त्यांचा पगार मधी वाढला. कशानं वाढला?"

"वेतन आयोगानं."

"त्याला इंग्रजीत काय म्हणतेत?"

"पे कमिशन. सगळ्याला म्हाईत..."

अन् ह्या बारी माझं स्वतःचंच वाक्य आर्धं राहिलं. पुढचं सगळं मला समजलं. अगदी खरं समजलं. एकेक करून सगळं परत डोळ्यापुढून गेलं. कमिशनचा पैसा म्हंजे आयोगाचा पैसा. शंभर टक्के कमिशन म्हंजे सगळा खर्च आयोगाचा. इंटरनेटवर टाकतेत ते आयोगाचे अहवाल. मेंबर देशाचा एक माणूस आयोगावर. पोरगं आयोगासाठी कायद्याचा अभ्यास करायलं होतं, अन् मी त्याला ट्रकमधी बसवून कारखान्यावर नेऊन सोडलं होतं.

"मंग आयोग म्हणायला काय झालं होतं तुमाला?" मी म्हणलं. चूक माझी असली की माझा आवाज आपोआप वाढतो.

मनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणली, "मी सांगायले होते, मामा. इस्त्री ठेवून सांगायले होते." अन् आत गेली. गुणगुणणं बंद.

आक्का संध्याकाळच्या एसटीनं आप्पासंगं आली. माझ्याकडं न बघता पाणी प्याली. मंग म्हणली, "गुरुजी म्हणले, पोरगी लाखात एक हाय, पण ज्या घरात असा माणूस हाय तिथं सोयरीक कशी करावी. म्या म्हणलं, माणूस वाईट न्हाई, नुसता ऐकत न्हाई. ते म्हणले, ते तर दिसलंच, तुमाला बी हिथंच इसरून गेला."

दुसऱ्या दिवशी मी, आक्का, मनी अन् आप्पा जिंतूरला. ह्या बारी जीप केली. आक्का म्हणली, तुझ्या गाडीवर बसले तर पोचंन याची ग्यारंटी न्हाई.

मी गुरुजींपुढं हात जोडले. "गुरुजी, कमिशन म्हंजे आयोग, हे मला काल कळालं."

गुरुजी म्हणले, "कळालं ते चांगलं झालं. पण तुमचाच अर्थ खरा असता, तरी समोरच्याचं पुरं ऐकून घ्यायला काय लागत होतं?"

मी दोन्ही कान धरले. 

 मंग गुरुजी म्हणले, "बोलणी करू. पण सुदामराव, राग मानू नका, तुमी बाहेर ओट्यावर बसा."

मी, मनीचा मामा, जिच्या लग्नात मी पाठीशी उभा राहणार, त्यो ओट्यावर. चपला राखायला. गुमान जाऊन बसलो. बसलो म्हंजे, उठलो, बसलो, फेऱ्या मारल्या. खिडकी उघडी होती. मी ऐकायला गेलो न्हाई, पण कान माझ्या ताब्यात न्हाईत, माझ्या तोंडासारखेच ते.

आतून रुषीचा आवाज आला. "दुसरा मार्गच नाही. आधी कोर्टातच जावं लागेल. नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं. साक्षीदार तयार ठेवायचे."

मी जागच्या जागी गार. माफी मागितली तरी केस?

आक्का म्हणली, "चालंल. आमची काय हरकत न्हाई."

माझी सख्खी बहीण.

अन् मंग मनीचा आवाज. "कागदं सगळी मी तयार करते. ते माझ्याकडं सोडा."

बस. ओटा, खिडकी, अट, सगळं इसरलो अन् दार ढकलून आत. "मनी, सख्ख्या मामावर केस? अन् वकील कोण, तर तू? तुला कडेवर घेऊन मानवतची जत्रा दाखवली त्याचं हे फळ? चुकलो म्हणलं ना मी. मुकादम म्हणलं, ते शब्द माघारी घेतले ना. आता काय फाशी द्यायलाव?"

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

मनी हळूच म्हणली, "मामा, कोर्टात लग्न करायचंय. रजिस्टर."

"लग्न?"

"तिकडं बायकोला न्यायचं तर तिथला कायदा सरकारी दाखला मागतो," रुषी म्हणला. "इथं मांडवात झालेलं लग्न तिथल्या साहेबाला कळत नाही. म्हणून आधी रजिस्टर करायचं."

मी दारात उभा. हात वर, तोंड उघडं. अन् गुरुजी हसले. आदल्या दिवसापासून ज्या माणसाच्या तोंडावरची रेष हलली नव्हती, ते गुरुजी हसायले ते थांबंनात. ठसका लागला, डोळ्यातून पाणी आलं. आप्पांनी पाठ चोळली. गुरुजी आक्काला म्हणले, "तुमचं खरं हाय. माणूस वाईट न्हाई. चौकशीचा आयोग नेमायसारखा हाय."

तिथंच जमलं. रुषीनं सुट्टी वाढवून घेतली. परभणीच्या ऑफिसात नोटीस लागली. कुणाची हरकत असंल तर महिन्याच्या आत कळवा, असं त्या नोटिशीत असतंय. तो महिना मला परभणीला कामाला बी जाऊ दिलं न्हाई. तिघं साक्षीदार लागतेत. एक गुरुजींकडचा, एक आप्पा. तिसऱ्यासाठी मनी म्हणली, "माझे मामा." आक्का म्हणली, "इचार कर." मनी म्हणली, "केला. तिथं बोलावं लागत न्हाई, नुसती सही करायची असती."

लग्नाच्या दिवशी मी इस्त्रीचं धोतर नेसून गेलो. ऑफिसात पंख्याखाली सगळे उभे. मनी अन् रुषीच्या हातात हार. मी सकाळपासून चकार शब्द काढला न्हाई, चहाला नको म्हणायला बी मान हलवली. साहेबांनी कागदं चाळली, चष्मा वर केला अन् रिवाजाप्रमाणं इचारलं, "या विवाहाला कोणाची काही हरकत?"

कुणी काय बोललं न्हाई. नुसते सगळे माझ्याकडं वळले. गुरुजी वळले. आप्पा वळले. नवरदेव वळला. ज्याला आमच्या घरचं काय म्हाईत न्हाई, त्यो शिपाई बी सगळे बघतेत म्हणून माझ्याकडं बघायला.

आईच्यान सांगतो, त्या हारातल्या फुलांनी मला शिंक यायली होती. मी फकस्त तेवढ्यासाठी तोंड उघडलं. आक्कानं डब्यातला एक आख्खा पेढा काढला अन् माझ्या तोंडात कोंबला.

साहेब म्हणले, "अहो बाई, पेढे सह्या झाल्यावर."

आक्का म्हणली, "साहेब, पेढा लहान हाय. त्यो संपायच्या आत सह्या उरका."